पुतण्याचं जीमेल

शेतकरी उत्पादक कंपनीचं लेटरहेड हातात आलं की मी नाव, बोधचिन्ह, नोंदणी क्रमांक ही सगळी शोभा ओलांडून थेट तळाशी उतरतो. तिथं ई-मेलचा पत्ता असतो आणि कंपनीची खरी कुंडली त्यातच मांडलेली असते. आधी देवाचं नाव, मग गावाचं, मग ‘ॲग्रो’, मग एक जन्मसाल आणि शेवटी ॲट जीमेल डॉट कॉम. हे जन्मसाल कंपनीचं नसतं. कंपनी असते २०२१ची आणि पत्त्यात ९८. ते अध्यक्षांच्या पुतण्याचं. नोंदणीच्या वेळी सीएच्या ऑफिसात ‘मेल आयडी कुणाचा टाकायचा?’ असा प्रश्न निघाला, बाकीच्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कोपऱ्यात फोन चाळत बसलेलं पोरगं म्हणालं, ‘माझा एक रिकामा आहे.’ शेतकऱ्यांनी सह्या केल्या, भागभांडवल गोळा झालं, कंपनी जन्माला आली आणि तिचं सगळं टपाल एका पोराच्या खिशात जाऊन बसलं.

बदनापूर आणि अंबड यांच्या मधल्या पट्ट्यातली, मोसंबीवाल्यांची अशी एक कंपनी मला जवळून माहीत आहे. नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, तुमच्या तालुक्यातही ती असणारच. पुढं पुतण्या पुण्याला, हिंजवडीत नोकरीला लागला. चांगलं झालं, गावानं पेढे खाल्ले. पासवर्डची अडचण नव्हती, तो निम्म्या गावाला पाठ होता. अध्यक्षांच्या नातीचं नाव आणि पुढं एक दोन तीन. पण नव्या लॅपटॉपवर तो टाकला की सहा आकडी कोड पुतण्याच्या फोनवर जायचा आणि पुतण्या रात्रपाळी करून झोपलेला असायचा. त्यामुळं ही कंपनी रोज दुपारी तीननंतर उघडत असे. एकदा अनुदानाच्या प्रस्तावातली त्रुटी दुरुस्त करायची शेवटची तारीख होती आणि पुतण्या मित्रांबरोबर कुठल्याशा किल्ल्यावर, रेंजच्या बाहेर. त्या दिवशी अध्यक्षांनी आपल्या सख्ख्या भावाला फोनवर जे ऐकवलं त्यामुळं त्या वर्षी दिवाळीचा फराळ एकाच वाड्यात दोन ठिकाणी झाला.

तेव्हा कुठं ‘आपली पगारी सिस्टीम घ्यावी’ हा विषय बैठकीपुढं आला. सिस्टीम म्हणजे ई-मेल, कागद ठेवायची जागा, तक्ते, सगळ्यांना दिसणारं कॅलेंडर, मीटिंगची लिंक, आणि हे सगळं कंपनीच्या नावावर, महिन्याच्या भाड्यानं. मला बोलावलं गेलं, कारण मी कॉलेजात शिकवलेलं आहे आणि आमच्याकडं कॉलेजात शिकवणाऱ्याला प्रिंटरपासून पंचांगापर्यंत सगळं कळतं असा समज आहे.

घाई लावली होती ती सीईओ साहेबांच्या मुदतीनं. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असावाच लागतो, तसा कायदा आहे. २०२० साली केंद्रानं दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करायची योजना काढली, तिच्यात अशा कंपनीला व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत मिळते. त्यातून बीएस्सी ॲग्री झालेला एक पोरगा येतो, त्याला सगळे साहेब म्हणतात, तो तीन वर्षं राबतो. मदत संपली की तो बँकेच्या परीक्षेला बसतो आणि जाताना लॅपटॉप परत करून जातो. लॅपटॉप परत येतो, पण त्यातली खाती कुठल्या नंबरावर उघडलेली आहेत हे फक्त त्यालाच माहीत असतं. आमच्या साहेबांचं तिसरं वर्ष सरत आलं होतं. पुतण्यानंतर साहेब, साहेबांनंतर आणखी कुणी, असं दप्तर या खिशातून त्या खिशात फिरत राहणार, हे अध्यक्षांच्या ध्यानात आलं होतं. माणूस मुरब्बी आहे. मोसंबीची बाग उक्ती देताना व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघून भाव सांगणारा.

आमचं जालना हे बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको उभी केली आणि १९९८चं जागतिक अन्न पारितोषिक जालन्यात आणलं. त्यामुळं इथला शेतकरी दुकानदाराची जाहिरात ऐकून घेतो, चहा पितो आणि शेवटी शेजाऱ्याच्या रानात जाऊन पीक बघून येतो. याही बाबतीत तेच झालं. आजूबाजूच्या कंपन्या काय वापरतात याची चौकशी झाली. रेशीमवाल्यांकडं, द्राक्षवाल्यांकडं, एका डाळमिलवाल्याकडं. सगळीकडून एकच उत्तर आलं : पुतण्याचं जीमेल. एका ठिकाणी भाच्याचं होतं.

मग पर्याय बघणं आलं. पर्याय तीन : गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि झोहो. साहेबांनी तक्ता करून आणला होता. उभे रकाने तीन, आडव्या ओळी खूप, जागोजागी हिरवी बरोबरची खूण. मी असे तक्ते बरेच पाहिलेत आणि माझं मत असं झालंय की त्यातल्या खुणा मोजून आजवर कुणी काही निवडलेलं नाही. माणूस आधी ठरवतो, मग खुणा मोजतो. अध्यक्षांनी तक्ता उलटा धरून पाहिला, ‘लई भारी केलंय’ म्हणाले आणि विषय फळगळीवर गेला. आमच्याकडं कुठल्याही बैठकीत कुठलाही विषय दहा मिनिटांनी फळगळीवर जातो. मोसंबीवाल्याला त्याबद्दल नावं ठेवू नयेत.

विषय परत आल्यावर मुनीमजींनी मायक्रोसॉफ्टची बाजू घेतली. मुनीमजी म्हणजे तिशीतला जीन्स घालणारा पोरगा. पण मोंढ्यात आडतीवर काम शिकलेला, म्हणून मुनीमजी. त्यांचा जीव टॅलीत आणि टॅलीबाहेर उरला तर एक्सेलमध्ये. स्वस्तातल्या योजनेत वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये आणि फोनवरच चालतं, कॉम्प्युटरात बसवून मिळत नाही, हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ‘म्हणजे नेट गेलं की एक्सेल गेलं?’ त्यांनी विचारलं. खोलीत शांतता पसरली, कारण त्या क्षणी लाइटही नव्हती.

झोहोची बाजू गुरुजींनी घेतली. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, कंपनीचं इतिवृत्त तेच लिहितात. झोहोच्या श्रीधर वेंबूंबद्दल त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. १९९६ साली ॲडव्हेंटनेट नावानं कंपनी काढली, अमेरिकेतून परत येऊन तेनकासीच्या बाजूला खेड्यात राहिला, वेष्टी नेसतो, सायकलवर फिरतो. २०२५च्या सप्टेंबरात अश्विनी वैष्णव यांनी आपलं काम झोहोवर नेतोय असं जाहीर केलं आणि ऑक्टोबरात अमित शहांनी आपला झोहोचा पत्ता लोकांना कळवला, तेव्हापासून गुरुजींचा आवाज चढलेला. ‘खेड्यात बसून हे करतो म्हणजे आपला माणूस,’ असं त्यांनी सांगितलं. एका संचालकानं विचारलं, ‘त्याच्याकडं मोसंबी आहे का?’ नसावी, असं मी म्हणालो. सभेचं मत जरा थंडावलं.

गुगलची बाजू कुणीच घेतली नाही, कारण ते सगळ्यांकडं होतंच. ज्याच्याकडं आहे त्याला ते गुगल आहे हेही माहीत नसतं. २००४च्या १ एप्रिलला जीमेल आलं आणि एक जीबी जागा फुकट म्हटल्यावर लोकांना ती एप्रिल फूलची गंमत वाटली होती. आता १५ जीबी मिळते आणि तीही पुरत नाही, कारण जून २०२१पासून फोनमधले फोटो त्याच पोत्यात मोजले जातात. आमच्या कंपनीचे सभासदांचे अर्ज आणि पुतण्याच्या लग्नाचे फोटो दोन वर्षं एकाच १५ जीबीत नांदले. लग्न दोन दिवसांचं होतं. जागा संपली तेव्हा व्यापाऱ्यांच्या मेल परत जायला लागल्या.

हे सगळं चालू असताना एक संचालक शांतपणे म्हणाले, ‘पण काहून? व्हॉट्सॲप हाये ना.’

यावर वाद घालणं अवघड होतं. कंपनी व्हॉट्सॲपवरच चालते. ‘मोसंबी कंपनी’, ‘मोसंबी कंपनी अधिकृत’, ‘संचालक (फक्त कामाचं)’ असे तीन ग्रुप आहेत. तिसऱ्यात सगळ्यांत जास्त ‘शुभ सकाळ’ येतात. भाव तिथंच ठरतो, गाडी तिथंच बोलावली जाते, औषध कुठलं फवारायचं याचा फोटो तिथंच. आणि तिथंच, त्याच धबडग्यात, सभासदांच्या आधार कार्डांचे फोटो, बँकेच्या पासबुकांची पहिली पानं आणि सातबारे. एका सभासदाला अनुदानाच्या कामासाठी त्याचा सातबारा हवा होता म्हणून आम्ही ग्रुपमध्ये वर वर सरकवत गेलो. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा ओलांडल्या, कुणाच्या तरी वडिलांना वाहिलेली श्रद्धांजली ओलांडली आणि खाली एक सातबारा सापडला. व्हॉट्सॲपनं तो दाबून इतका बारीक केला होता की गट नंबर ३८ आहे की ८८ हे ठरवायला दोन संचालकांना बोलवावं लागलं. दोघांनी दोन सांगितले. खरं तर १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. पण ग्रुपमध्ये शोधायची सवय लागली की माणूस सरकारी संकेतस्थळापेक्षा आपल्या अंगठ्यावर भिस्त ठेवतो.

२०२३ साली केंद्रानं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो मी सभेला थोडक्यात सांगितला. लोकांचं आधार आपल्याकडं आलं की ते सांभाळायची जबाबदारी आपली. शेतकऱ्यांचं आधार सहाशे फोनांत पडलंय म्हटल्यावर अध्यक्ष क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘सहाशे नाही. काही लोकांनी ग्रुप सोडलाय.’

शेवटी निर्णयाला ढकललं ते सीएनं. तो अंबड चौफुलीजवळ बसतो आणि कुणाचीही भीड ठेवत नाही. त्यानं दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. पहिली : १ एप्रिल २०२३पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहायलाच हवी आणि ती बंद करता येता कामा नये. दुसरी : ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीनुसार हिशेबाच्या वह्या संगणकावर असतील तर त्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज गेली पाहिजे. मुनीमजींची प्रत आजवर पेन ड्राइव्हवर जात असे आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या मोटरसायकलच्या चावीला लटकत असे. ती मोटरसायकल रोज भारतातच असते, असा मुद्दा त्यांनी मांडला. सीएनं तो नोंदवून घेतला नाही.

आता इथं मला जे वाटतं ते सांगतो. गुगल की झोहो हा प्रश्न लोकांना मोठा वाटतो. माझ्या मते त्यात फार अर्थ नाही. तिघांकडंही ई-मेल जाते-येते, तक्ता उघडतो, मीटिंगमध्ये ‘आवाज येतोय का?’ सारखंच विचारावं लागतं. विचारायचं ते एवढंच : उद्या इथून उठायचं ठरवलं तर आपलं दप्तर आपल्याला वाचता येईल अशा अवस्थेत बरोबर नेता येईल का, आणि आज त्याची चावी कुणाकडं आहे. हे मला कुठल्या तक्त्यानं शिकवलं नाही, गुरुजींच्या पेन ड्राइव्हनं शिकवलं.

गुरुजींकडं जुन्या शेतकरी मंडळाची इतिवृत्तं होती, २००६ पासूनची. त्याच मंडळातून पुढं कंपनी झाली. ती इतिवृत्तं त्यांनी गांधी चमनाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडं बसून, एकेक काना-मात्रा तपासून टाइप करून घेतली होती. आता नव्या जागेत आधी हेच ठेवायचं, असा त्यांचा हट्ट. फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, मधे मधे डॉलर, कंस, उलटे-सुलटे स्वल्पविराम. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पानाच्या वर ठळक आणि अधोरेखित अशी चार इंग्रजी अक्षरं आणि एक टक्क्याची खूण होती. ते ‘इतिवृत्त’ असणार हे आम्ही जागेवरून ओळखलं. त्या काळात श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव असे जे फॉन्ट चालायचे, ते इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांचा पाला. युनिकोड सर्रास झाल्यावर हे थांबलं, पण मधल्या वर्षांत महाराष्ट्रानं किती मराठी अशी टाइप करून ठेवली असेल याचा विचार करवत नाही. रूपांतर करून देणारे कन्व्हर्टर असतात. गुरुजींनी एक वापरून पाहिला. ‘सर्वानुमते’चं बरोबर आलं, ‘अध्यक्ष’ मात्र दर वेळी मोडून पडले. तो डीटीपीवाला आता फ्लेक्स छापतो.

याच जिल्ह्यात त्याआधी काय घडलं होतं ते बघा. २०२३च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाडाभर निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलींच्या अभिलेखकक्षांतून दप्तराचे धुळकट रुमाल निघाले, त्यात उर्दू निघालं, मोडी निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. एरवी ज्यांना लग्नाच्या पंगतीत कुणी ‘आपण काय करता?’ विचारत नव्हतं, त्यांना गाडी पाठवून बोलावलं जाऊ लागलं. त्या आंदोलनाचं काय व्हावं यावर माणसामाणसांत मतं वेगळी आहेत, त्यात मी शिरत नाही. पण १७ सप्टेंबर १९४८च्या आधीचं, परक्या राजवटीतलं, मोडलेल्या लिपीतलं दप्तर काढून वाचता येतं, आणि गुरुजींचं २००६ सालचं शुद्ध मराठी इतिवृत्त वाचता येत नाही, हे मी एकाच जिल्ह्यात पाहिलं. पटवारी गेले, तलाठी आले, तलाठ्यांचं नावही आता बदललं, रुमाल मात्र सरकारी खोलीत राहिले म्हणून सापडले. जे पटवाऱ्यांच्या माळ्यावर राहिले त्यांचं काय झालं ते वाळवीला ठाऊक.

म्हणून मी सभेला सुचवलं की सिस्टीम कुठलीही घ्या, आधी कंपनीच्या नावाचं डोमेन घ्या. वर्षाला थोडे पैसे लागतात, पण पत्ता आपला होतो. पत्ता आपला असला की आज गुगलवर, उद्या झोहोवर जाता येतं, व्यापाऱ्याला पत्ता बदलल्याचं कळवावं लागत नाही. फक्त ते डोमेन कंपनीच्या नावावर घ्यायचं, साहेबांच्या क्रेडिट कार्डावर नाही. गुरुजींना ते मराठीत हवं होतं. मराठीत मिळतं, ‘डॉट भारत’ २०१४पासून आहे. पण असल्या पत्त्यावरून पाठवलेली मेल समोरच्या बँकेच्या, विमा कंपनीच्या यंत्रणेला पचेलच याची खात्री नाही, आणि विम्याचा दावा अडकला तर अभिमानाचं काय करायचं, असं मुनीमजींनी विचारलं. शेवटी ‘डॉट इन’ झालं. गुरुजींनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवला. युनिकोडमध्ये.

पुढचा घोळ माणशी दराचा. या सिस्टीमचं भाडं दरमहा दरडोई असतं, वर १८ टक्के जीएसटी. संचालक अकरा, साहेब, मुनीमजी आणि शिवारात फिरणारी तीन पोरं. साहेबांचं म्हणणं, खाती पाच पुरेत. संचालकांचं म्हणणं, मग आम्ही कोण? एक ज्येष्ठ संचालक, ज्यांनी आजवर एकही मेल उघडलेली नाही, ठामपणे म्हणाले, ‘मला पाहिजे. उघडणार नाही, पण पाहिजे.’ मला त्यात काही चूक वाटली नाही. लग्नपत्रिकेतल्या ‘विनीत’ यादीतली नावंही जेवण वाढायला नसतात. तोड निघाली ती अशी की संचालक मंडळाच्या नावानं एक गटाचा पत्ता काढायचा, त्याचं वेगळं भाडं पडत नाही. त्यावर आलेलं सगळ्यांना जातं. ते सगळे वाचत नाहीत, पण आलेलं असतं.

गुगलकडं चौदा दिवस वापरून बघा, मग पैसे द्या, अशी सोय असते. बियाण्याच्या गावाला ती लगेच पटली. ऐन आंबिया बहराची तोडणी चालू होती, म्हणून साहेबांनी भावाचा तक्ता नव्या जागेत केला आणि लिंक सगळ्यांना मिळावी म्हणून उघडी ठेवली. ज्याला लिंक सापडेल तो बघेल. संध्याकाळी ऑफिसात अध्यक्ष, साहेब आणि मी तो तक्ता बघत होतो. कुठल्या बागेचं किती टन, आकार कसा, आपण मनात धरलेला भाव काय, व्यापारी टनामागं किती सूट मागतोय, सगळं त्यात. एका चौकटीभोवती हिरवी रेघ सरकत होती, ती मुनीमजींची. दुसरी जांभळी, शिवारातल्या पोराची. अध्यक्षांना ते बघून भारी वाटलं. ‘तो तिकडं बसून लिहू राहिला आणि इथं दिसू राहिलं!’ मग वर कोपऱ्यात त्यांना एक गोल चिन्ह दिसलं. त्यात एका जनावराचं चित्र.

‘हे कोण?’

लिंक उघडी असली की बिनखात्याचा माणूस तिथं कुठल्या तरी जनावराच्या नावानं दिसतो. साहेबांनी त्यावर बोट नेलं. अनामिक तरस.

‘आपल्यात तरस कोण आहे?’ अध्यक्षांनी विचारलं. फोनाफोनी झाली. अकराही संचालकांनी हात झटकले. तेवढ्यात तरसानं आमच्या मनातल्या भावाच्या रकान्यावर मुक्काम ठोकला आणि तो हलेना. अध्यक्ष पडद्याकडं टक लावून बसले. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघून भाव सांगणारा माणूस, आणि समोर डोळेच नाहीत. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं अगदी आमच्याच आकड्यापाशी येऊन हात आखडला, तेव्हा तरस कुठल्या रानातलं होतं याचा अंदाज सगळ्यांना आला. लिंक बंद झाली. आणि कुणाला काय दिसावं हे ठरवणारा एक माणूस लागतो, ही गोष्ट मी तासभर बोलून पटली नसती ती तरसानं पटवली.

त्या माणसाला या सगळ्या सिस्टीममध्ये ॲडमिन म्हणतात, आणि त्याच्याही वरच्याला सुपर ॲडमिन. नाव ऐकताच अध्यक्षांनी ते पद आपल्याकडं गृहीत धरलं. साहेबांना वाटलं आपल्याकडं असावं, पण ते जाणार. मुनीमजींकडं द्यावं तर हिशेबही त्यांच्याकडं आणि कुलूपही त्यांच्याकडं. अध्यक्षांकडं द्यावं तर नातीचं नाव एक दोन तीन. बैठक अडली. कुणीतरी फळगळीचा विषय काढला.

तेव्हा ताई बोलल्या. ताई या मंडळातल्या एकट्या बाई, बचत गटातून आलेल्या, तोवर त्या तीन विषयांवर मिळून दोन वाक्यं बोलल्या असतील. म्हणाल्या, ‘आमच्या गटात पेटी एकीच्या घरी असती, चावी दुसरीच्या आणि वही तिसरीच्या. तिघी बसल्याबिगर पेटी उघडत न्हाई. दहा वर्षं झाली, पाच रुपये हालले न्हाईत. इथं तसं करता येत न्हाई का?’

येतं की. पासवर्ड मुनीमजींकडं, बंद पाकिटात त्याची एक प्रत सीएकडं, आणि दुसऱ्या पायरीचा कोड ताईंच्या फोनवर. कोण, कधी, कशासाठी आत शिरलं ते गुरुजींनी लिहून ठेवायचं. ठराव सर्वानुमते झाला. अध्यक्षांनी ‘हाव’ म्हणताना जरा वेळ घेतला, एवढंच. सिस्टीम गुगलचीच राहिली, झोहो एका मतानं हुकलं. हुकवणारं मत मोसंबीची चौकशी करणाऱ्या संचालकांचं असावं असा गुरुजींना संशय आहे. टॅलीची रोजची प्रत वेगळी सोय करून भारतातल्या सर्व्हरवर जाते. मुनीमजींच्या मोटरसायकलच्या चावीला आता नुसती चावी असते.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी अध्यक्षांचं खातं उघडेना. व्यापाऱ्याचं पत्र त्यात आलेलं, घाईचं. मुनीमजींनी सांगितलं, मी पासवर्ड टाकतो, कोड ताईंकडून आणा. ताई कापसाच्या वेचणीवर, फोन बांधावरच्या डब्याजवळ, उचलला जाईना. अध्यक्ष मोटरसायकल काढून रानात गेले. ताई ओट्यात कापूस घेऊन सरीतून आल्या, फोन हातात घेतला, पडद्यावरचा कोड बघितला आणि फोन तसाच धरून ठेवला.

‘दादा, आधी सांगा. कुणाच्या खात्यात शिरायचंय?’

‘माझ्याच.’

‘मंग पासवर्ड इसरलात म्हना की.’